फोटो क्रमांक सतरा

रद्दीवाल्याच्या काट्यावर होता तो आल्बम,
बांधकाम खात्याचा, कोपरे कसरीनं खाल्लेले.
छत्तीस फोटो. खाली शाईत
मैल, फर्लांग, एकोणसाठ सालची तारीख.
नावं कुणाचीच नाहीत.
पुणे-बेंगळूर रस्त्याच्या कडेला
संकेश्वरची घरं तेवढी ओळीनं उभी,
वर्गाचा फोटो काढताना पोरं असतात तशी,
हात कुठं ठेवायचे ते न कळलेली.

दिवसभर मी झेरॉक्स काढते,
उतारे, रेशनकार्डं, कन्नडातली, मराठीतली.
मशिनीला लिपी कळत नाही,
कागद वाकडा पडला तर कळतं.
रविवारी शटर ओढून
आल्बम काखेत मारते.

आधी जागा शोधायची,
तो जिथं उभा होता ती.
जुन्या फोटोत देवळाचा कळस
वखारीच्या पन्हाळीला जिथं टेकतो
तिथंच आत्ताही टेकला पाहिजे.
एक पाऊल डावीकडं, की सुटतो.
अर्धं मागं, तर गटार.
गुडघ्यात वाकले की जमतं:
म्हणजे तो बुटका असणार,
नाहीतर पोटाशी धरायचा कॅमेरा असणार त्याचा.
खात्याचा कुणी ओव्हरसियर.
एवढंच कळलं त्याच्याबद्दल,
आणि नवव्या फोटोत कोपऱ्यात आलेलं
त्याच्या सायकलचं चाक.

"काय बघतासा वो बाई एवढं?
परत मोजायला आलाईसा काय रस्ता?"
पारिसा चौगुले पायरीवरनं उतरतात,
पाटीवर बोट ठेवतात:
"तवा कुठल्या अक्षरांत होती ही? मोठं करून बघा."
मी भिंग लावते.
पाटीवर ऊन पडलंय. पांढरा चौकोन.
त्यांना ते पटत नाही.
दुसऱ्या रविवारी परत विचारतात.

मिरचीच्या अडतीतून खाट येतो,
मी शिंकते, फोटो हलतो.
आत्ताच्या फोटोंतले बरेच असे हललेले.
तेही ठेवलेत.

सतरावा अवघड.
बसकं घर. दारावर चुन्यानं १७.
एक फळी मिटलेली, एक जराशी उघडी,
फटीत एक पोरगी,
अर्धा चेहरा, एक वेणी.
माझ्या फोटोत त्या जागी
डांबर, पांढरा पट्टा,
पट्ट्यावर झोपलेलं कुत्रं.

मग परत पहिल्यापासून पानं उलटली
आणि प्रत्येक भिंतीवर आकडा दिसत गेला.
आठवण म्हणून काढले नव्हते हे फोटो.
पाडायच्या घरांची यादी होती ती.

सतरावा मी दुकानाच्या काचेला चिकटवला.
चौथ्या दिवशी पेन्शनचा कागद घेऊन
निंगव्वा आली,
काचेला नाक लावून उभी राहिली.
"हे आमचं दार की."
पोरीकडं बोट केलं मी.
"ही कोण काय की," म्हणाली.

नदीच्या वाटेला तिचा गोठा.
तिथं ती फळी, चार विटांवर आडवी,
वर घागर, विळा, पेंडीचं पोतं.
"अप्पानं डोक्यावर घालून आणली, रातचं.
घर गेलं ते गेलं, दार कशाला सोडायचं म्हणाला."
सात पुसून गेलाय.
एक उरलाय, तोही आता आडवा.

"रुंद झाला काय मग रस्ता?"
"झाला की. बारा हात."
म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली,
"मागनं तो गावाभायेरनंच गेला."
लांब बायपासला ट्रक गियर बदलत होते.

मी मोबाईल वर केला,
तशी ती फळीच्या आड येऊन उभी राहिली.
"नको गं बाई. परत नंबर घालशील."

घरी येऊन सतराच्या शेजारी
मी कुत्रंच चिकटवलं.