मीटरबाय

काखेत पिशवी, पिशवीत यंत्र, यंत्राच्या पोटात
बायणा, सडा, चिखलीची अर्धी वाट.
मी मीटर वाचते. कंत्राटावर. दर मीटरमागे पैसे,
म्हणून मला बोलायला वेळ नसतो.
लोकांना असतो.

आधी काचेवरची काळी पूड पुसायची,
मग आकडा दिसतो.
नवऱ्याच्या जुन्या बनियनचं फडकं आहे, रोज रात्री धुते.
ते पाणी मी अबोलीला घालत नाही.

मर्सियानाबाय म्हणते, ही पूड बंदरातली.
हळू म्हणते, कारण मुलगा तिथेच क्रेनवर आहे.
चादरी घरातच वाळत घालते, पंख्याखाली,
पंखा सकाळपासून रात्रीपर्यंत.
एकशे चाळीस युनिटं.

नार्वेकर मास्तर दार फटीएवढंच उघडतात,
आतली थंडी बाहेर पडू नये म्हणून.
फटीतून सांगतात, उकाडा पूर्वीही एवढाच होता,
हे सगळं परदेशी लोकांचं खूळ.
चारशे बारा.

गाड्यावर चहा पिताना दोघं रोज भांडतात,
तारा जंगलातून न्याव्यात की नेऊ नयेत.
एक म्हणतो रानगवे, दुसरा म्हणतो फ्रिज.
दिवे गेले की दोघांचं एकमत होतं
आणि शिव्या मला पडतात.

वरच्या माळ्यावरच्या वैदेहीकडे सतरा कापडी पिशव्या आहेत,
खिळ्याला टांगलेल्या,
एकेक कशाबरोबर तरी फुकट आलेली.
मला एक देते. मी घेते. माझ्याकडे आता नऊ.
तिच्या भावाने विजेवरची स्कूटर घेतलीय,
धूर नाही बघ, म्हणतो, आणि मागे वळून दाखवतो.
खरंच नाही.
ही वीज घाट उतरून येते.
तिकडे कुठल्या गावात कुणी बाई
असंच फडकं पिळत बसली असेल,
ते लिहायला माझ्या यंत्रात रकाना नाही.

इनासियु तारवटी मात्र फाटकातच उभा असतो.
तीस वर्षं जहाजांच्या इंजिनात होता,
आता छपरावर बारा पॅनेलं, आणि दर महिन्याला एकच प्रश्न:
किती दिली गो मी?
देणं आणि घेणं, त्याच्या मीटरवर दोन्ही दिसतं.
एकाण्णव दिली, मी सांगते.
तो छाती फुगवतो. सरकारला?
आजवर मी हो म्हणत आले.
आज पाय दुखत होते. खरं सांगितलं.
सरकारपर्यंत कुठली जाते, पात्रांव,
खांबावरून जे पहिलं घर लागतं, तेच पिऊन टाकतं.

पहिलं घर कुमुदिनी फळदेसायचं.
फणसाची एक फांदी कुंपणावरून वाकली होती, ती कुणी तोडली,
यावरून नऊ वर्षं बोलणं बंद.
कुंपणापलीकडे तेवढ्यात मिक्सर लागला.
खोबरं असणार, हुमणाचं,
आधी खरखर, मग पाणी घातल्यावर मऊ होत जाणारा आवाज.
इनासियु तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.
म्हणाला, तिला बिल पाठवा.
मग म्हणाला, नको.
मग आत गेला, शिडी आणली,
आणि भर दुपारी, बादली दंडाला अडकवून,
पासष्टीचा माणूस पॅनेलं पुसायला वर चढला.

मी कुमुदिनीच्या फाटकाची कडी काढली.
कुत्रा भुंकला, मग ओळख पटून गप्प झाला.
ती पदराला हात पुसत बाहेर आली, वर बघितलं,
कपाळाला आठ्या.
एवढ्या उन्हात कशाला चढलाय तो?
पडेल मेला.
मी काच पुसली.
दोनशे सहा.
बिल वाढलं का गो, तिने विचारलं,
पण बघत छपराकडेच होती.