चौथी पायरी

मे महिन्यात गॅल्व्हस्टनला कण्हेरी फुलतात
आणि जुनी घरं तिकीट लावून
दारं उघडी टाकून बसतात.
माणसं नकाशे घेऊन हिंडतात,
खारा वारा कागदाला, कानाला, चष्म्याला चिकटतो.

सातव्या घराच्या दारात मी.
येईल त्याला निळे कागदी मोजे द्यायचे,
बुटांवरून चढवा म्हणायचं, एवढंच काम.
चाळीस वर्षं दात काढले लोकांचे,
आता पावलं बघतो.

आत लॉर्ना बोलत असते. पाठ आहे तिला:
हे घर कापसाच्या व्यापाऱ्याचं.
वादळानंतर जॅक लावून अख्खं उचललं,
खाली वाळू भरली.
पुढे मात्र फार हाल झाले त्याचे,
खोलीगणिक एकेक बिऱ्हाड,
जिन्याखालीसुद्धा माणसं!
भिंतींवर रंगाचे अकरा थर निघाले.
सगळे खरवडले आम्ही.
आता कसं, जसं होतं तसं.

मीही हेच म्हणायचो.
किडलेलं कोरायचं, पोकळीत चकचकीत काही भरायचं,
हातात आरसा द्यायचा:
बघा, जसा होता तसा.
जिन्याचा कठडा तर थेट कवळीच,
एकही खांब वाकडा नाही.

तीनच्या तुकडीत त्या आल्या.
ऐंशीच्या घरातल्या, जांभळी टोपी, रोख पैसे.
माझ्या खांद्याचा आधार घेऊन मोजे चढवले,
काही बोलल्या नाहीत.
दिवाणखान्यात झुंबराखाली सगळ्यांनी माना वर केल्या,
त्या खाली बघत होत्या, कोपऱ्यात,
जिथे आता पितळी कुंडी आहे.

मग जिना.
एक, दोन, तीन,
आणि तिसरीवरून एकदम पाचवी.
त्या गुडघ्यांनी! कठडा करकरला असता, जुना असता तर.
लॉर्ना धावली, जपून, पायरी चुकली तुमची.

चुकली नाही, त्या म्हणाल्या.
बाबा गोदीतून रात्रपाळी करून यायचे,
इथे खाली झोपलेले असायचे.
चौथी वाजायची.

लॉर्नाच्या पाठांतरात हे नव्हतं.
एक मुलगा चौथीवर जाऊन नाचला,
दोनदा, तीनदा.
नवं लाकूड, आतून स्क्रू.
हूं नाही की चूं नाही.
कुणीतरी हसलं, आणि तुकडी वर गेली
संगमरवरी न्हाणीघर बघायला.

त्या अर्ध्या तासाने परत आल्या.
उतरतानाही तेच, पाचवीवरून तिसरी,
या वेळी मी हात दिला.
बाकीचे मोजे भिरकावतात टोपलीत,
त्यांनी घडी घातली, रुमालासारखी.
नाव विचारलं तर म्हणाल्या, अर्नेस्टीन बॅबिनो,
आणि फाटकापर्यंत जाऊन पुन्हा वळल्या.

अकरा म्हणाली ना ती?
त्यातला पिवळा आईचा.
लिंबू मागितला होता, दुकानदाराने मोहरी दिली.
आम्ही सगळे ओरडलो तिच्यावर.
दुसऱ्या हाताला पैसे नव्हते,
तसाच राहिला नऊ वर्षं.

तिकिटाचे पैसे परत करावेसे वाटले.
पावतीपुस्तकात तसा रकाना नाही.

कण्हेरीच्या आडून जांभळी टोपी
आठव्या घराकडे वळली नाही,
बस थांब्याकडे गेली.
मी नवा गठ्ठा फोडला.
चारच्या तुकडीत बावीस माणसं होती,
चव्वेचाळीस पावलं,
आणि प्रत्येक पाऊल चौथीवर पडलं.
मी मोजत होतो.