सुताचं दुसरं टोक

ओडुम आपणहून पडला, हे आधी सांगायला हवं.
मार्चातल्या वादळात, आफ्राकोमाबाईंच्या मळ्यात,
कोकोची एकोणीस झाडं खाली घेऊन.
बाई म्हणाल्या, फळ्या अर्ध्या तुमच्या, अर्ध्या माझ्या,
भुसा सगळा तुमचा.
म्हणताना हसल्या नाहीत.

न्टिम चेनसॉ चालवतो. मी सूत धरतो.
फुटक्या बॅटरीतली काजळी, गाडीचं जळकं तेल,
त्यात भिजवलेल्या दोऱ्याचं एक टोक
बुंध्याच्या कडेला अंगठ्यानं दाबायचं.
दुसऱ्या टोकाला तो.
मधोमध चिमटीत उचलून सोडला की
टण्ण,
चौदा फुटांची काळी रेघ.
मग तो ती रेघ चिरत येतो माझ्याकडे,
ना चौकट, ना रूळ, ना पट्टी,
आणि अर्धं सूतही इकडंतिकडं होत नाही.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
आम्ही बाक गाठतो, दारं, पलंग,
गेल्या वर्षी सहा शवपेट्या.

सुरू करण्याआधी त्यानं बुंध्यावर श्नॅप्स ओतली, झाकणभर,
आणि झाडाला काहीतरी म्हणाला.
मी म्हटलं, माफी कशाला, वाऱ्यानं पाडलंय.
"पाडलं वाऱ्यानं. चिरणार आपण."

पहिली पाठीची फळी, सालीसकट, बाजूला.
दुसऱ्या कापाला आत पिवळाधमक उजेड.
इतकी वर्षं अंधारात जपलेला रंग
ऊन लागल्यावर टिकत नाही,
चार दिवसांत मधासारखा, मग चहासारखा.
भुसा घामाला चिकटतो, मानेला खाज सुटते,
रात्री अंघोळ करूनही बायको म्हणते, लांब झोप.

तिसऱ्या कापात आवाज बदलला.
लाकडाचा आवाज मला पोटात कळतो.
हा लाकडाचा नव्हता.
मी ओरडलो. न्टिम कापतच राहिला.
त्याचे कान कधीच झडून गेलेत,
हे त्याच्या बायकोला ठाऊक, मला ठाऊक,
आम्हाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नाही
असं आम्ही धरून चाललो होतो.
त्याला कळलं ते ठिणग्यांनी.

दगड.
ओडुमच्या पोटात असतो कधीकधी.
कुठल्या तरी जुन्या जखमेपाशी पोकळी राहते,
झाड तिच्यात चुना साठवत बसतं,
आणि वर पानं काढत राहतं.

पाचर ठोकून फळी उघडली. कोंबडीच्या अंड्याएवढा, करडा.
आफ्राकोमाबाई भाजलेली केळी घेऊन आल्या होत्या,
त्यांनी तो तळहातावर तोलला.
"माझ्या सासऱ्याच्या पित्तात असाच निघाला.
मरेपर्यंत म्हणायचे, काही नाही, जरा भरल्यासारखं वाटतंय."
आणि तो पदरात नाही, कनवटीला नाही,
सरळ केळ्यांच्या टोपलीत टाकून निघून गेल्या.

छत्तीस दात. प्रत्येकाला कानशीचे चार हात.
न्टिम मांडीवर पातं घेऊन बसला, मी मोजत बसलो.
सगळे झाल्यावर त्यानं साखळी बोटानं फिरवून पाहिली,
उठला, आणि चेनसॉ माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, मला कुठं येतं?
त्यानं स्वतःच्या कानाला हात लावला. मग माझ्या.
एवढंच.
त्यावर बोलायला दोघांकडंही काही नव्हतं.

माझी पहिली फळी सापासारखी निघाली,
एका टोकाला तीन बोटं, दुसऱ्याला दीड,
वर मधोमध दगडाचं भोक.
बादूनं ती डोक्यावर घ्यायला नकार दिला.
ती आता ओढ्यावर टाकली आहे.
शाळेची पोरं भोकाला डोळा लावून खाली पाणी बघतात
आणि उशिरा पोचतात.

पण ते नंतर.
त्या दुपारी ऊन कलेपर्यंत अजून दोन काप बाकी होते.
न्टिम वाकला, दोऱ्याचं टोक
बुंध्याच्या कडेला अंगठ्यानं दाबून बसला,
जिथं मी बसायचो.
मी मधोमध चिमटीत सूत उचललं. सोडलं.
टण्ण.
त्यानं मान हलवली,
ऐकल्यासारखी.