सगळंच घर

ठाण्याला चाललोय म्हटल्यावर
सटाण्याच्या नाक्यावरचा भावडू
पानाला चुना लावता लावता थांबला :
"सगळंच घर?"
मी हसलो. हसायचीच रीत आहे.
प्रणिताही हसली मागच्या सीटवर,
डाळिंबांची पेटी मांडीवर घेऊन.
नाना काच वर करत होते,
हाताने फिरवायची काच, निम्म्यात अडकते ती.

देवळा, चांदवड, नाशिक, कसारा.
भिवंडीपाशी दीड तास एका कंटेनरच्या मागे.
गार्गीच्या वहीत पहिलं पान :
"ठाणे. तळ्यांचे शहर. एकूण तळी – "
पुढे जागा मोकळी.

मासुंद्यावर ऊन सपाट पडलेलं.
कोपिनेश्वराची पिंड एवढी मोठी
की गार्गीचे हात पुरेनात दाखवायला.
मिसळीने प्रणिताच्या डोळ्यांत पाणी आणलं,
तरी तिने तर्री परत मागितली,
आमच्याकडची काय कमी तिखट असते म्हणाली.
मग नाव. पायाने मारायची, हंसाच्या मानेची,
मानेचा रंग उडालेला.
नाना म्हणाले, तुम्ही जा,
मी चपला सांभाळतो.
नावेत चपला काढत नाहीत,
हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातच आलं नाही.
आम्ही खरंच अनवाणी गेलो,
आणि ते काठावर
सहा चपला समोर मांडून बसले,
पाण्याकडे पाठ करून.

वहीत : एक.

उपवनला निघालो तेव्हा फोन म्हणाला, सरळ.
नाना म्हणाले, डावीकडे घे.
नाना, जे ठाण्याला कधी आलेच नव्हते.
वर मेट्रोचे खांब, खाली खोदलेलं,
दुकानांच्या पाट्यांवर पाट्या,
ओळखीचं काही उरलं असेल असं काहीच नाही,
आणि ते सांगतायत, आता उजवीकडे,
आता हळू.
"आठे थांब."

भिंत.
लांबच लांब, वर काचा नाहीत, साधी भिंत.
आत झाडं. फाटकावरची पाटी
प्रणिताने वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.
मला भावडू आठवला, त्याचा चुना, माझं हसणं.

"वेणूआक्का," नाना म्हणाले.
आमच्या घरात हे नाव नव्हतं.
फोटोत नव्हतं, श्राद्धात नव्हतं.
"मी नऊ वर्षांचा. ती सतरा.
दादा म्हणाले, चला, ठाणं दाखवतो.
मनमाडहून गाडी. तिने माझे केस विंचरले गाडीत,
दोनदा. नवी ओढणी घेतली होती तिला.
तिलाही हेच सांगितलं होतं, ठाणं दाखवतो."

मागून हॉर्न वाजले. मी गाडी जरा पुढे घेतली.
जरा मागे घेतली.

"मग दादांनी मला तळ्यावर नेलं.
नावेत बसवलं. दाणे घेऊन दिले.
मला मजा आली."
हे ते दोनदा म्हणाले.
"मला मजा आली रे.
परत येताना गाडीत मी मोठ्यांदा
नावेचंच सांगत होतो."

गार्गीने विचारलं, मग आक्का परत कधी आली?
प्रणिताने डाळिंब फोडलं.
आम्ही सगळ्यांनी दाणे खाल्ले,
फाटकासमोर, बोटं लाल करून.
रखवालदाराने एकदा पाहिलं,
मग एक मूठ त्यालाही दिली.

उपवन राहिलं. कचराळी राहिलं.
कसाऱ्यात अंधार पडला, फोनची रेंज गेली,
नाना काचेला डोकं टेकून झोपले होते
किंवा नव्हते.

नाक्यावर भावडूची टपरी उघडीच.
"काय, सोडलं का सगळ्यांना?"
मी उत्तर जुळवत होतो दोनशे किलोमीटर.
नानांनी अर्ध्या काचेतून हात बाहेर काढला.
"एक राहिली," म्हणाले.
"पान लाव. साधं."

वहीत अजून एकच.