तेलाची पातळी

बो शहरात इबोला. कुणी कुणाला शिवत नाही.
कॉलेजला कुलूप, म्हणून
डॉक्टर मासा क्पाका फोनवरून शिकवतात:
पाम तेलाचा पिवळा कॅन घ्या. डोळे मिटा.
एक बोट टेकवा, दुसऱ्यानं ठोका.
पोकळ, पोकळ, पोकळ…
आवाज बसेल तिथे तेल.

साहर रोज ठोकतो.
आईला वाटतं, पोराचं डोकं फिरलं.
ती गुपचूप तेल काढते,
तो संध्याकाळी सांगतो, "आज दोन बोटं उतरलं."

सातव्या महिन्यात वॉर्ड उघडला.
सुकी मासळी विकणारी म्हातारी, छातीत पाणी झालेलं.
त्याचं बोट तिच्या पाठीपासून
वीतभर अलीकडे, हवेतच अडलं.

"टेकव की," ती म्हणाली,
"पाऊसभर कुणी हात लावला नाही मला."