पुढचा थांबा

डेपोतून दुपारी तक्रार आली, तीन ओळींची:
बस घणसोलीला उभी होती,
पाटीवर कोपरखैरणे.
एक बाई पाटी वाचून उतरल्या,
दोन पिशव्या आणि एक झोपलेलं पोर घेऊन.

महाप्यात, तिसऱ्या मजल्यावर,
ओजस टिपणीसने लिहिलेली ओळ मी उघडली.
आत्ताचा = पुढचा;
एवढीच. इस्त्रीच्या शर्टासारखी निर्दोष.
काय केलंस हे, विचारलं.
म्हणाला, नाव तिथून उचललं, इथे ठेवलं.

नाव असं उचलत नाही रे.
नावाला वजन असतं. रांगेत मांडलेले खण:
घ ला तीन, ण ला तीन,
काना-मात्रांनाही ज्याचे त्याचे तीन,
आणि सगळ्यांच्या मागे एक शून्य,
संपलं म्हणून सांगायला.
तू नुसता पत्ता लिहून घेतलास.
आता चिठ्ठ्या दोन, खोली एकच.
बस पुढे निघाली की कुणी आत शिरतं,
घणसोली पुसतं, कोपरखैरणे लिहितं,
आणि दोन्ही चिठ्ठ्या इमानाने
तिथेच नेतात.

खोटं कुणीच बोललं नव्हतं.
म्हणून तर सापडायला चार तास गेले.

बाबांचा फोन आला मध्येच.
उशीर होणार का, भात झाकून ठेवू का,
आणि नेहमीचं: खाचराशी उतर ग, नाक्यापर्यंत जाऊ नको.
पत्ता त्यांचा बरोबरच आहे.
जागा हललेली नाही, एक फूटभरही नाही.
ते सहावीत होते तेव्हा मोजणीवाले साखळी घेऊन आले
आणि तिथला मजकूर बदलला.
आता तिथे चार मजली पार्किंग आहे,
बांधाच्या जागी पिवळा दांडा, वर-खाली होणारा.

तलाठ्याकडून काढलेली सातबाऱ्याची नक्कल मात्र
त्यांच्याकडे आहे, बिस्किटांच्या डब्यात,
घड्यांवर फाटत चाललेली.
भोईर. भात. एक एकर तेरा गुंठे.
जागेवर कुणी काहीही लिहो,
डब्यात तेच राहतं.

ओजस, नक्कल काढ, मी म्हटलं.
आधी मोज. मग तेवढी जागा माग.
मग एकेक खण उतरवून घे, शून्यासकट.
झालं की जागा परत कर.

त्याने काढली. चाचणीची बस टेबलावरच निघाली:
ऐरोली, रबाळे, घणसोली,
आणि कोपरखैरण्याला
पाटीवर भाडं उमटलं,
अठ्ठ्याऐंशी लाख एकोणनव्वद हजार आठशे चोवीस रुपये.

हसता हसता खुर्ची मागे गेली माझी.
एवढ्यात आमच्याकडे वन बीएचके येईल,
तोही बाल्कनीसकट.
चोवीस खण मागितले होते पोराने,
चोवीस म्हणजे भरपूर, असं वाटून.
कोपरखैरण्याला सत्तावीस लागतात, वर ते शून्य.
शेवटची मात्रा जागा न मिळून
शून्याचा हात धरून शेजारी गेली,
भाड्याच्या घरात जाऊन बसली.
यंत्राने तिला हटकलं नाही.
ही भाषा कुणालाच हटकत नाही,
तुझं तू बघ म्हणते.

अठ्ठावीस कर, म्हटलं. त्याने बत्तीस केले,
माझ्याकडे न बघता.
ठीक आहे. नवीन थांबे होतच असतात इथे.

साडेनऊची बस मिळाली. पाटी अजून जुनीच,
नवी ओळ सोमवारी चढेल.
घणसोली आली तेव्हा वर कोपरखैरणे होतं.
समोरचा माणूस उठायला लागला, बॅग काढून.
बसा, म्हटलं, तुमचं अजून यायचंय.
त्याने पाटीकडे बोट केलं.
मी म्हटलं, माहीत आहे,
आणि खाचराशी उतरले.