दोन टक्के

ग्रंथालयाच्या तळघरात, बंद पडलेल्या झेरॉक्सशेजारी
माझं टेबल.
काम सांगायला सोपं: वर्गात बोललेलं
यंत्र ऐकतं, पडद्यावर लिहितं,
आणि यंत्राने लिहिलेलं मी खोडते, पुन्हा लिहिते.
मिनिटामागे ठरलेले पेन्स.

डॉ. इडवल प्रॉसर भूगर्भशास्त्र शिकवतात.
नाइस नावाचा खडक. यंत्र लिहितं, ‘छान’.
‘छानचे थर वाकलेले असतात.’
‘अँगलसी बेटावर छान उघडं पडलंय.’
शिस्ट म्हटलं की ते लाजतं,
शिवी समजून फुल्या टाकतं.
मॅखन्हलेथ गावाचं नाव घेताना सरांच्या घशात जे खरखरतं
त्याचं यंत्राने केलं:
‘मॅक निघून गेला.’
मला हसू आलं नाही.
मी पोफळे. माझ्या ळ चं या एबरिस्टविथमध्ये
बावीस वर्षांत काय काय झालंय, ते मला ठाऊक.

कागदोपत्री हे सगळ्यांसाठी:
रात्रपाळीहून येऊन दुप्पट वेगाने लेक्चर बघणारा,
घरी बाळ निजवून कान बंद ठेवणारी.
मी मात्र टेगनसाठी लिहिते.
दुसरं वर्ष. जन्मापासून ऐकू येत नाही.
ऑक्टोबरात तिची मेल आली:
‘चौदाव्या मिनिटाला सगळ्यांचे खांदे हलले.
तुम्ही लिहिलंत, हशा.
कशाचा?’

यंत्राने तिथे काहीच लिहिलं नव्हतं,
मीही ‘अस्पष्ट’ म्हणून सोडून दिलं होतं. पगार मिनिटावर.
तीनदा ऐकलं तेव्हा सापडलं.
सर फळ्याकडे तोंड करून पुटपुटले होते,
तिला ओठ दिसले नव्हते:
‘चाळीस कोटी वर्षं थांबलाय हा दगड,
आणि तुमच्यातल्या तिघांना नऊला उठवत नाही.’
पाठवलं.
उत्तरात फक्त: ‘त्या तिघांत मी एक.’

मग मी सगळंच लिहू लागले.
रेडिएटर ठोके देतो.
खिडकीपाशी समुद्रपक्षी भांडतात.
मागच्या बाकावर कुणीतरी पाकीट हळूच फोडतं, म्हणून जास्तच आवाज होतो.
वरिष्ठांची सूचना आली: फक्त बोलणं लिहावं.
बरं म्हटलं. लिहीत राहिले.

फेब्रुवारीत एक स्लाइड:
स्लेटचा उभा कडा, त्याच्या पायाशी
मापासाठी उभी केलेली एक बाई, निळं जॅकेट.
सर म्हणाले, ‘प्रमाण: माझी बायको,’
आणि थांबले.
यंत्र थांबण्याला जागा देत नाही,
पुढचं वाक्य मागच्याला चिकटवून मोकळं होतं.
मी दोन्ही वाक्यं ओढून लांब केली
आणि मधे लिहिलं: शांतता, अकरा सेकंद.
टेगनची मेल: ‘माहीत आहे. मी बघत होते.
बाकीचे फोनमध्ये होते.’

एप्रिलमध्ये पत्रक निघालं.
विद्यार्थी-साहाय्याचं नवं धोरण, नवी प्रणाली,
अचूकता अठ्ठ्याण्णव टक्के.
आमच्या घरी एवढे पडले असते तर आईने गल्लीत पेढे वाटले असते.
माझं काम जुलैपर्यंत.
टेगनने लांबलचक तक्रार लिहिली, मला प्रत पाठवली.
तिला उत्तर चार सेकंदांत आलं:
आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

मे. शेवटचं लेक्चर, बावन्नावं मिनिट.
खुर्च्या सरकतात, बॅगांच्या चेन ओढल्या जातात,
आणि प्रॉसर माइकवर वाकतात, अगदी जवळ,
श्वास ऐकू येतो:
‘आणि हे सगळं जो कोणी टाइप करतो, त्याला एक सांगायचंय.
नाइस.
आधी एक जी असतो, न बोलला जाणारा.’

जो कोणी, त्याला. असू दे.

यंत्राने लिहिलं होतं: छान.
मी कर्सर तिथवर नेला,
थोडा वेळ लुकलुकू दिला,
आणि तेवढं एक
दुरुस्त न करता फाइल पाठवून दिली.